टकळी गप्प बसली ती दुपार

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. मानसोपचार विभागात तिला सगळे टकळी म्हणत. हे नाव वॉर्डातल्या सिस्टरांनी ती रुजू झाली त्याच आठवड्यात ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की फोन उचलल्यावर ती स्वतःच "हॅलो, टकळी बोलतेय" म्हणायची. मनाला लावून घ्यायचा तिचा स्वभावच नव्हता. तोंडाला कुलूप नाही आणि मनात किल्मिष नाही, अशी ही मुलगी.

बोलणं तिच्याकडे वारशाने आलं होतं. वडिलांचं चपला-बुटांचं दुकान. बाबा बुटक्या स्टुलावर बसायचे, गिऱ्हाइकाचा पाय जवळजवळ मांडीवर घ्यायचे आणि बोलायला लागायचे. बुटाबद्दल नाही. पायाबद्दल, चालण्याबद्दल, गिऱ्हाइकाच्या सासुरवाडीबद्दल. गिऱ्हाईक गप्प झालं की समजावं, त्याचं लक्ष दाराकडे गेलं, असं त्यांचं म्हणणं. "बोलणाऱ्याची माती खपते पोरी, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं," हे टकळीने शाळेत पाढे शिकण्याआधी ऐकलेलं होतं. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका, म्हणजे घसा कमावलेला. आणि आत्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. सगळी नोकरी लोकांची बोलणी जोडून देण्यात गेली, स्वतःला मध्ये बोलायची बंदी. ती सगळी थकबाकी आत्या आता घरी वसूल करत होती.

जेवायला बसले की चौघं एकदम बोलत, आणि गंमत म्हणजे चौघांना चौघांचं ऐकू येई. त्या घरात गप्प बसण्याचे दोनच अर्थ होते. एक तर माणूस रुसलाय, नाहीतर त्याला ताप आलाय.

अशा मुलीने डॉक्टर झाल्यावर मानसोपचार ही शाखा का घेतली, याचं उत्तर तिने मुलाखतीच्या वेळीच देऊन टाकलं होतं. "सुरी नाही, टाके नाहीत, रक्त नाही, नुसतं बोलायचं. ही शाखा माझ्यासाठीच काढलीय." समोर बसलेल्या विभागप्रमुख मॅडम हसल्या होत्या. पहिल्याच ओपीडीत टकळीला कळलं की इथे बोलायचं असतं हे खरं, पण ते पेशंटने.

तरी अभ्यासात तिला कोणी मागे टाकू शकत नव्हतं. दर आठवड्याला सेमिनार असायचा, नवे शोधनिबंध वाचायचा जर्नल क्लब असायचा, शुक्रवारी अख्ख्या विभागासमोर एक केस मांडायची असायची. टकळीचा सेमिनार म्हटला की शेजारच्या विभागातले लोकही चहा हातात घेऊन मागच्या बाकांवर येऊन बसत. मेंदूतली रसायनं ती अशी सांगायची, जशी काही गल्लीतली भांडणंच. तिच्या बरोबरचा दुसरा रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर होता, त्याला सगळे मुनी म्हणत. मुनीचा सेमिनार म्हणजे शोकसभा. एक वाक्य, मग शांतता, मग दुसरं वाक्य, आणि मागे कुणीतरी घड्याळाला चावी दिल्यासारखं जांभया देतंय. पण पेशंट मात्र मुनीसमोर बसले की उठायचं नाव घेत नसत. मोठी मोठी माणसं त्याच्याकडे रडून, हलकी होऊन जात, आणि जाताना सांगत, "किती छान बोलतात हे डॉक्टर." मुनी त्या तासाभरात दोनदा हुंकारलेला असे.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. या विभागात शिकणाऱ्या प्रत्येकाला मुलाखतीची परीक्षा द्यावी लागायची. तिसऱ्या मजल्याच्या टोकाला एक खोली होती. सकाळी तिथे नेहमीची ओपीडी चाले. परीक्षेच्या दिवशी मात्र भिंतीवरच्या मोठ्या आरशावरचा पडदा बाजूला होई. आतून तो आरसा आणि पलीकडून नुसती काच. पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत मॅडम, परीक्षक आणि बाकीचे रेसिडेंट बसत, टेबलावरच्या माइकमधून त्यांना सगळं ऐकू येई. खुर्चीवर पेशंट म्हणून जो बसे तो खरा पेशंट नसे. हौशी नाटकवाल्यांपैकी कुणालातरी बोलावून, दुखणं शिकवून, तयार करून बसवलेलं असे. यांना सरावाचे पेशंट म्हणत. आपल्या मागे काच आहे हे त्यांना ठाऊक असे, म्हणून कुणाचं काही बिघडत नसे.

मॅडमचे दोन नियम होते. पहिला, सरावाचा पेशंट आहे हे विसरायचं. तो म्हणाला मी राजा, तर म्हणायचं, या महाराज. एकदा परीक्षेआधीच्या तालमीत एकजण डोक्याला पट्टी बांधून आला होता, आणि टकळीने "किती हुबेहूब बांधलीय, कुठून आणली?" असं विचारल्यावर मॅडम आठवडाभर तिच्याशी धड बोलल्या नव्हत्या. दुसरा नियम, माणूस दारात एक दुखणं सांगतो आणि खुर्चीत दुसरं. "दारातल्या दुखण्याला हसू नका," मॅडम म्हणायच्या. "जो म्हणतो मी चुकून आलोय, त्याला आधी बसवा."

टकळी या परीक्षेत दोनदा आपटली होती. पहिल्या वेळी पोटदुखीने हैराण झालेल्या बाईचं काम करणाऱ्या एक काकू होत्या. मुलाखत संपली तेव्हा काकूंना टकळीच्या आत्याच्या गुडघ्यापासून दुकानातल्या उंदरापर्यंत सगळी माहिती झाली होती, आणि टकळीला काकूंचं वयही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या वेळी तिने ठरवून प्रश्न विचारले. पण पेशंट उत्तरासाठी श्वास घेईपर्यंत तिला दम कुठला? "झोप येत नाही, की येते पण मोडते, की पहाटे जाग येते, की आमच्या आत्यासारखं दुपारी झोपल्यामुळे होतं?" त्या बिचाऱ्याने चारांपैकी एक उत्तर निवडलं आणि गप्प बसला.

मग मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. मॅडम कडक होत्या, पण आकस धरणाऱ्या नव्हत्या.

"तुला माणसं आवडतात," त्या म्हणाल्या. "हे मला कुणाला शिकवता येत नाही. गप्प बसणं शिकवता येतं, आणि नेमकं तेच तू शिकत नाहीस. तिसऱ्यांदा नापास झालीस तर सहा महिने पुन्हा, मागून आलेल्या मुलांबरोबर. आणि खरं सांगू? तेव्हा मीच तुला म्हणेन की शाखा बदल. हाडांच्या विभागात जा. हाडं काही सांगत नाहीत, तिथे तू बोललेलं चालेल."

टकळी हसत बाहेर आली आणि जिन्यावर बसून रडली. हाडांच्या विभागाबद्दल तिला राग नव्हता. पण तिला ही खोली हवी होती, ही दोन खुर्च्यांची. माणूस आत येताना एका चेहऱ्याने येतो आणि जाताना दुसऱ्या, हे तिने मुनीच्या दारातून डोकावून कितीदा पाहिलं होतं. आपल्या खुर्चीसमोर हे एकदा तरी घडावं, एवढंच तिचं मागणं होतं.

तिने सरावाला घरापासून सुरुवात केली. एका संध्याकाळी ती जेवताना एक अक्षर बोलली नाही. आईने आधी कपाळाला हात लावून पाहिला. मग आत्याने डोळे बारीक केले.

"कोण आहे तो?" आत्या म्हणाली.

"कोण?"

"ज्याच्यामुळे मूग गिळून बसलीस तो."

शेवटी टकळीने सगळं सांगितलं. घरच्यांना इतका कळवळा आला की त्यांनीही मदत करायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी अख्खं घर अळीमिळी गुपचिळी करून जेवायला बसलं. बाबांना मीठ हवं होतं. त्यांनी आधी बोटाने दाखवलं, मग भुवयांनी, मग हाताने पाटा-वरवंटा वाटल्यासारखं काहीतरी केलं. आत्याने त्यांना पाणी दिलं. "अगं मीठ, मीठ!" असं म्हणून बाबांनी जो बांध फोडला, तो मग उजाडेपर्यंत भरून आला नाही.

मग ती मुनीकडे गेली. "तू आत नेमकं करतोस काय?"

मुनीने बराच विचार केला. "काही नाही," तो म्हणाला.

"काही नाही म्हणजे काय?"

"बोलावंसं वाटलं की बुटात अंगठा दाबतो." आणि एवढं बोलून दमल्यासारखा तो निघून गेला.

परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरगावहून एक परीक्षक आले होते, नाकावर चष्मा, हातात टोकदार पेन्सिल, चेहरा असा की हसायचं तर आधी अर्ज करावा लागेल. लिफ्ट सकाळपासून मध्येच अडकत होती, सगळे जिन्याने धापा टाकत वर आले. "आज नवा माणूस आहे, नाटकवाल्यांनीच तयार करून पाठवलेला, मीही पाहिलेला नाही," मॅडम टकळीला म्हणाल्या. "मध्यमवयीन, कष्टाचं काम करणारा. बाकीचं तुझं तू काढ. जा, आत बसलाय तो."

टकळी आत गेली. खुर्चीत करड्या कामाच्या कपड्यांतला एक माणूस बसला होता, पायाशी पिशवी, नजर छताकडे. छतावरची ट्यूब फडफडत होती. ती पंधरवडाभर तशीच होती. टकळी स्वतः तळघरात देखभालीच्या खोलीत जाऊन तक्रार देऊन आली होती.

तिला बघून माणूस उठायला लागला.

"बसा ना, उठू नका. मी इथली डॉक्टर."

"मी ट्यूब बघायला आलोय," तो म्हणाला.

टकळीच्या मनाने टुणकन उडी मारली. दारातलं दुखणं! पुस्तकात असतं तसंच्या तसं. आणि खोलीतल्या फडफडणाऱ्या ट्यूबचा कसा झटकन उपयोग करून घेतला गड्याने. हा नट नक्कीच मुरलेला होता.

"ट्यूब," ती म्हणाली, आणि थांबली.

"हो, फडफडतेय म्हणून निरोप आला होता. तुमचं काम असेल तर मी मागाहून येतो."

पळायला बघतोय, टकळीने ताडलं. "काही घाई नाही. आलाच आहात तर बसा थोडं."

माणूस जरा गोंधळला. तीन मजले चढून त्याचे पाय भरून आले होते, आणि या इमारतीत त्याला बसा म्हणणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. तो बसला.

"कधीपासून फडफडतेय?" टकळीने गंभीरपणे विचारलं.

"ते तुम्हालाच माहीत. मला आज कळलं."

काचेमागे काय चाललं होतं ते तिला मागाहून मुनीकडून कळलं. मॅडम म्हणाल्या, काय बेमालूम काम करतोय हा. आणि परीक्षकांनी पेन्सिल थांबवून विचारलं, असा माणूस तुम्ही शोधला कुठून?

आत टकळीची जीभ वळवळत होती. ट्यूबवरून तिला दुकानातली ट्यूब आठवली होती, त्यावरून बाबा स्टुलावरून पडले होते ते आठवलं होतं. तिने बुटात अंगठा असा दाबला की पोटरीत कळ गेली. माणूस पिशवीच्या बंदाशी खेळत होता. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं, त्याची चाकं खडखडली आणि दूर गेली.

"तुम्ही दमलेले दिसता," ती म्हणाली. आणि पुन्हा अंगठा.

"दमलोय म्हणजे," तो म्हणाला, "जिने चढून नाही. झोप नाही." मग तो हळूहळू बोलायला लागला. बायकोला वाटतं उकाड्याने झोप येत नाही. तिने माठ आणला, खिडकीला ओला पडदा लावला. तिला काय सांगणार? कामावर येतो, हसतो, चहा पितो, कुणाला संशय येत नाही. टकळी ऐकत होती. डॉक्टर झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी तिच्यासमोर न विचारता बोलत होतं, आणि तिला आनंदाने नाचावंसं वाटत होतं. पास! चक्क पास!

माणसाने खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "एक गोष्ट आहे डॉक्टर. ही मी बायकोलाही सांगितलेली नाही. खाली तळघरात, बॉयलरच्या मागे आमचे साहेब बसतात ना, त्यांच्या कानावर गेली तर उद्यापासून मला फाटकातून आत घेणार नाहीत. पण तुम्ही डॉक्टर, म्हणून तुम्हाला..."

बॉयलरच्या मागे? सरावाचे पेशंट बाहेरून येत. त्यांना शिकवलेल्या गोष्टींत बायका असत, पोरं असत, धंदे असत, पण हे इस्पितळ कधीच नसे. देखभालीचे साहेब बॉयलरच्या मागे बसतात हे विभागातल्या निम्म्या डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. तिला माहीत होतं, कारण ती स्वतः तिथे गेली होती, या ट्यूबसाठी. हा माणूस ट्यूबच बघायला आला होता.

आणि काचेमागे मॅडम होत्या, परीक्षक होते, सगळे रेसिडेंट होते. त्याच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द त्या खोलीत पडणार होता.

खोटं कशाला बोलू, तिला मोह झाला. एक क्षणभरच, पण झाला. त्याला काय कळणार होतं? तो बोलला असता, हलका झाला असता, ती पास झाली असती. उलट मध्येच थांबवलं तर? "पेशंटला तोडणे" या एका दोषासाठीच तर ती दोनदा नापास झाली होती, आणि आता तिसऱ्यांदाही तिनेच पेशंटच्या तोंडातला शब्द काढून घ्यायचा होता.

"थांबा," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा निघाला, खणखणीत. "पुढे एक शब्द बोलू नका."

माणूस दचकला.

"हा आरसा आरसा नाही. पलीकडून काच आहे. तिथे माझ्या बाई बसल्यात, परीक्षक बसलेत, या माइकमधून सगळं ऐकतायत. माझी परीक्षा चालू आहे. मला वाटलं तुम्ही पेशंटचं काम करायला आलात. चूक माझी आहे, तुमची काही नाही."

माणसाने आरशाकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. टकळीने उठून माइकची वायर ओढून काढली आणि आरशावरचा पडदा सर्रकन ओढला.

"कसलं काम म्हणालात?" त्याने विचारलं.

"नाटकातलं."

"मला शाळेतसुद्धा नाटकात कुणी घेतलं नव्हतं," तो म्हणाला, आणि त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"आता तुमची मर्जी. जायचं तर जा, मी कुणाला काही बोलणार नाही. बसायचं तर बसा. आता आपण दोघंच आहोत."

"आणि तुमची परीक्षा?"

"ती संपली."

"पास की नापास?"

"नापास," टकळी म्हणाली.

माणसाने पिशवी उचलली होती. ती त्याने पुन्हा खाली ठेवली.

पुढे तो काय बोलला ते या गोष्टीत नाही. टकळीने ते कुणालाच सांगितलेलं नाही, आणि मला कळलं असतं तरी मी इथे लिहिलं नसतं. सांगता येईल ते एवढंच की तो बोलला, मध्ये थांबला, आणि तो थांबला तेव्हा टकळीने त्याच्यासाठी वाक्य पुरं केलं नाही. आपण अंगठा दाबायला विसरलोय, हे तिच्या खूप उशिरा लक्षात आलं. तिला बोलावंसंच वाटत नव्हतं. समोर एक माणूस आपल्या मनातला दगड दोन्ही हातांनी उचलत होता, अशा वेळी आत्याचा गुडघा कुणाला आठवतो? तो रडला थोडा. मग नाक पुसलं. मग तिने मोजकं काही सांगितलं, यावर इलाज आहे म्हणाली, कुठल्या वारी कुठल्या दाराने यायचं ते सांगितलं. माणसाने मान हलवली आणि वर बघितलं.

"ट्यूब राहिली की," तो म्हणाला.

त्याने पिशवीतून स्टार्टर काढला आणि खुर्चीवर चढला. टकळीने खुर्ची घट्ट धरली. जुना स्टार्टर काढून नवा बसवल्याबरोबर ट्यूब लख्ख लागली. तो उतरला, खुर्ची हाताने पुसली, "येतो डॉक्टर," म्हणाला आणि गेला. जाताना त्याचा चेहरा येतानाचा नव्हता. टकळीने तो पाहिला, आणि आता नापास झाले तर झाले, असं तिला अगदी मनापासून वाटलं. असं वाटून झाल्यावर लगेच तिला रडूही आलं, कारण सहा महिने म्हणजे सहा महिनेच.

ती पलीकडच्या खोलीत गेली तेव्हा तिथे वेगळाच गोंधळ होता. दारात दाढी वाढलेला, कपड्यांना मुद्दाम तेलाचे डाग पाडलेला एक गृहस्थ घामाघूम उभा होता. हा खरा सरावाचा पेशंट. लिफ्टमध्ये अडकला होता.

"माझं काम दुसऱ्याला दिलंत?" तो मॅडमना विचारत होता. "या भूमिकेसाठी दाढी केली नाही मी. बायको घरात घेत नाही."

मॅडमनी त्याला पाणी देऊन बसवलं. मग त्या सगळ्यांकडे वळल्या. "आज पडदा पडायच्या आधी आपण जे ऐकलं ते ऐकलं नाही. कुणीही, कुठेही, चहा पितानासुद्धा त्यावर बोलणार नाही. कळलं?" सगळ्यांनी माना डोलावल्या.

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही थांबवलंत ते योग्यच केलंत," ते टकळीला म्हणाले. "पण ही सचोटीची परीक्षा नाही, मुलाखतीची आहे. सुरुवात बरी होती. पण खरी मुलाखत पडदा पडल्यावर झाली, आणि ती मी पाहिली नाही, ऐकली नाही. जे पाहिलं नाही त्याला गुण कसे देऊ?"

त्यांचं म्हणणं रास्त होतं. टकळी दाराकडे वळली.

"सर," मागून आवाज आला. मुनी उभा राहिला होता. सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण मुनी आपणहून बोलायला उठलाय हे दृश्य कुणी पाहिलेलं नव्हतं.

"तिचा आवाज आला नाही, सर."

"म्हणजे?"

"पडदा पडल्यावर मॅडमनी आम्हाला भिंतीपासून उठवून त्या खिडकीशी बसवलं. माणसाचं काही ऐकू येऊ नये म्हणून. त्याचं ऐकू आलंही नाही, नुसती अधूनमधून गुणगुण. पण हिचा आवाज, सर, जिन्यापर्यंत जातो. वॉर्डात जातो. ही फोनवर बोलते तेव्हा खालच्या मजल्यावरची बाळं उठतात. ती एवढा वेळ आत होती, आणि खिडकीशी बसून आम्हाला तिचा एक शब्द ऐकू आला नाही. शेवटी थोडंसं काही आलं, तेवढंच. ती ऐकत होती, सर. दुसरं काय करत असणार?"

एवढं बोलून मुनी मटकन खाली बसला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"हे मात्र खरं आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. "माझी खोली दोन भिंतींपलीकडे आहे, आणि हिच्या आत्याचे सगळे आजार मला पाठ आहेत. आज मीसुद्धा कान देऊन बसले होते. मला वाटलं, आता सुरू होईल, मग सुरू होईल. झालंच नाही."

परीक्षक टकळीकडे बघत राहिले. तिचे डोळे लाल होते, हातांना खुर्चीची धूळ लागली होती. आश्चर्य म्हणजे ती आताही काही बोलत नव्हती.

"न ऐकू आलेल्या आवाजाला मी आजवर कधी गुण दिलेले नाहीत," ते म्हणाले. त्यांनी पेन्सिल उचलली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि तो मॅडमकडे सरकवला. मॅडमनी वाचला आणि टकळीच्या पाठीवर एक थाप मारली. तशी टकळी जी ओरडली, ती मात्र जिन्यापर्यंत ऐकू गेली. मुनीला तिने मिठी मारली, सरावाच्या पेशंटला मारली, तोही बिचारा खूश झाला, आणि परीक्षकांकडे वळली तेव्हा ते पटकन टेबलामागे गेले.

संध्याकाळी बाबांनी दुकान लवकर बंद केलं होतं. आई, आत्या, बाबा तिघंही दारातच उभे. "पास झाले," असं टकळीने फाटकातूनच सांगितलं, आणि मग घरात जो गलका उठला त्यात कुणी काय म्हणालं ते देवच जाणे. आई एकाच वेळी हसत होती आणि डोळे पुसत होती. आत्या म्हणत होती, मला माहीतच होतं. बाबा शेजारच्या भिंतीवरून शेजाऱ्यांना सांगत होते.

मग सगळे जेवायला बसले. बाबांनी आपली खुर्ची टकळीच्या बाजूला वळवली. "हं," ते म्हणाले. "आता पहिल्यापासून सांग. काही गाळायचं नाही. पेशंट कोण होता? काय म्हणाला?"

तिघंही वाढलेल्या ताटांना हात न लावता तिच्याकडे बघत होती. टकळीच्या ओठांवर सगळं आलं होतं. ती ट्यूब, ती गंभीर चौकशी, तो दाढीवाला नट, मुनीचं भाषण. जन्मभर गोष्टी सांगणाऱ्या या घरात इतकी सरस गोष्ट कुणी आणली नव्हती. बाबा हसून हसून खुर्चीतून पडले असते. पण गोष्ट सांगायची म्हणजे तो माणूस सांगायचा, आणि माणूस सांगितला की आत्या चार फोन करून तो कोण ते उद्या शोधून काढणार. त्याला वगळून गोष्टीत काही उरतच नव्हतं.

"नाही सांगता येणार, बाबा," ती म्हणाली.

"आम्हालाही?"

"तुम्हालाही."

त्या घरात कुणी रुसलेलं नव्हतं, कुणाला ताप नव्हता, तरी जेवणाच्या टेबलाशी कुणी बोलेना. आत्याने काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर आईने तिच्या हातावर हात ठेवला. बाबा लेकीकडे बघत होते. लहानपणी दुकानात स्टुलाशेजारी बसून गिऱ्हाइकांशी बडबडणारी ही मुलगी, आज तिच्या मनात दुसऱ्या कुणाचं तरी काहीतरी होतं आणि ते ती आपल्या बापालाही देत नव्हती. त्यांनी भाजीचं भांडं तिच्यापुढे सरकवलं.

"बरं," ते म्हणाले. "जेवून घ्या, डॉक्टर."